ज्येष्ठमध

हे मी आजवर कोणालाही पुरतं सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तरी ऐन वेळी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत फिरले. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? तसंही असेल. पण खरं कारण वेगळं आहे — तुम्ही हे वाचता आहात, ऐकत नाही आहात. कागदाला आवाज नसतो, आणि मला आता तेवढाच भरवसा वाटतो.

कारण माझा आवाज माझ्याकडे राहिलेला नाही.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात कुकर लावून उभी होते, आणि शेजारच्या फ्लॅटमधून मी बोलत होते. शब्द कळत नव्हते, मध्ये भिंत होती. पण चढउतार ओळखीचा, थांबायच्या जागा ओळखीच्या, वाक्य संपताना हळूच खाली येणारा सूर — माझाच. नीट ऐकू यावं म्हणून मी गॅस बंद केला, तर तेवढ्यात मी गप्प झाले. म्हणजे ती, पलीकडची. थोड्या वेळाने शेजारच्या वहिनींनी ती क्लिप मलाच पाठवली, खाली जोडलेले हात. 'दिवाळीचं बाहेरचं काही आणू नका हं विभाताई, जपून राहा.'

त्यांना माझा आवाज ओळखू आला नाही. आता कोणालाच येत नाही — आणि मी दर वर्षी 'थँक्यू वहिनी' असं लिहून पाठवते.

थांबा, मी कोण ते आधी सांगायला हवं. मी विभा. जन्म रावपुऱ्यातला, आता राहायला तरसालीला. पणजोबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते, तेव्हापासून आम्ही बडोदेकर. घरात मराठी, जिना उतरलं की गुजराती, आणि कोणी अंगावर आलं की हिंदी — इथल्या आम्हा मराठी माणसांचं असंच चालतं. गावात एक लहानसं केबल चॅनल होतं, त्यावर रोज संध्याकाळी मी गुजरातीत शहराच्या बातम्या वाचायची. कुठे पाणी येणार नाही, कुठला पूल बंद, कुठे चोरी झाली. दिसायला मी बेताची. पण आवाज देवाने दिला होता. मांडवीच्या बाजारात मी भाव विचारायला नुसतं 'भाई, आ केटलानुं?' म्हटलं की दुकानदार मान वर करायचा — 'अरे, विभाबेन!' चेहरा नंतर ओळखायचे, आवाज आधी.

लोकांचा विश्वास होता माझ्यावर. आमच्या गावात विश्वास ही साधी गोष्ट नाही. इथे प्रत्येक गल्लीला आठवण आहे — कुठल्या वळणापर्यंत आपले आणि कुठल्या वळणापासून ते, हे पोरासोरांना पत्त्यासारखं पाठ असतं. वातावरण बिघडलं की बाया दूध भरून ठेवायच्या आणि टीव्ही लावायच्या. 'विभाबेन काय सांगते बघू.' मी सांगितलं की शांत आहे, की तेवढ्या रात्रीपुरतं ते खरंच शांत व्हायचं. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

आणि स्वतंत्रपणे बोलण्याचाही मला भारी अभिमान! चॅनलवर वरून फोन यायचे. हे दाखवू नका, ते नाव घेऊ नका, त्या मोर्चाचं उद्या बघू. मी ऑफिसात तावातावाने भांडायचे. आपल्याला बोलू देत नाहीत, या देशात खरं बोलायची सोय राहिली नाही, वगैरे वगैरे. भांडायचे आणि शेवटी जे दिलं असेल ते वाचायचे. पण भांडायचे हो, ते खरं आहे. म्हणूनच हे नोंदवून ठेवते, की मी जे बोलले ते बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. वरून फोन नव्हता, साहेबांचा दबाव नव्हता. त्या दिवशी मला बोलण्याचं पूर्ण स्वातंत्र्य होतं.

तर — नानखटाई.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी बायका नानखटाई पाडायला बेकरीत जातात. मैदा, रवा, दळलेली साखर, तूप, वेलची सगळं घरून न्यायचं. बेकरीवाला नुसती भट्टी देतो. तिथेच ओट्यावर बसून पीठ मळायचं, गोळे करायचे, त्याच्या ट्रेमध्ये ओळीने मांडायचे, आणि भाजून झालं की नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या आपल्या डब्यात भरून घरी. आई मला लहानपणापासून रशीदचाचांच्या बेकरीत न्यायची. मांडवीच्या मागच्या बोळात होती ती. सणाच्या आधी तिथे मराठी, गुजराती, सगळ्या बायका कपाळाला पीठ लावून बसलेल्या, वेलचीचा वास, आणि रशीदचाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ट्रे आत-बाहेर करताहेत. बुटके, सडपातळ, तोंडात सदा एक बारीक विनोद. मला ते 'समाचारवाळा बेन' म्हणायचे. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होते, तरी बेन.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. नानखटाईच्या ट्रेला काही लावायचं नसतं. तूप पिठातच इतकं असतं की गोळा कोरड्या पत्र्यावर ठेवला तरी चिकटत नाही. हे ज्या बाईने एकदा तरी ट्रे भरला आहे तिला माहीत असतं. मला माहीत होतं. अगदी हातांना माहीत होतं.

काही वर्षांपूर्वीची दिवाळी. गणपतीपासूनच गावात कुजबुज होती, विसर्जनाला कुठे दगड पडल्याचं कोणी म्हणत होतं, कोणी म्हणत होतं फटाका फुटला. अशा हवेत मला पार्लरमध्ये एका बाईने सांगितलं की मांडवीमागच्या बेकरीत ट्रेंना चरबी लावतात. कसली चरबी, हे तिने डोळ्यांनीच सांगितलं. मी हादरले. घरी येऊन काळजीपोटी सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला—

नाही.

बघितलंत? इतकं ठरवून बसले होते, तरी उचलली जीभ लावली टाळ्याला. पार्लरमध्ये कोणतीही बाई नव्हती. ती मी आत्ता, या पानावर, तुमच्यासमोर तयार केली. मला कोणीही काहीही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, कोणी विचारत नसताना, मी अजूनही हेच करते. एक माणूस मध्ये उभा करते आणि त्याच्या मागे लपते. आमच्या धंद्यात त्याला सूत्र म्हणतात.

पुन्हा सांगते. या वेळी जसं झालं तसं.

त्या दिवशी मी बेकरीत उशिरा गेले. शूटिंग होतं, घाई होती, आणि आपण विभाबेन आहोत म्हणून रांग मोडून माझा ट्रे पुढे सरकवला. रशीदचाचांनी तो घेतला. पण गर्दीत तो भट्टीत जरा जास्त राहिला आणि नानखटाई करपली. काळी नाही, पण चांगलीच तांबूस झाली. मी सगळ्या बायकांसमोर त्यांना बोलले. बरंच बोलले. तुपाचा वास गेला, सण आमचा आणि तुम्हाला त्याचं काय, असंही बोलले. चाचांनी फावडं टेकवलं, माझ्या डब्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "बेन, नानखटाई तो जेवी होय एवी देखाय. आ समाचार थोडा छे के रंग चडावीए?"

जशी असेल तशी दिसणार. ती काय बातमी आहे, रंग चढवायला?

सगळ्या हसल्या. माझ्या सोसायटीतल्या दोघी होत्या, त्याही हसल्या. मलाही हसता आलं असतं, नाही का? चांगला विनोद होता. आणि खरा होता, तेच झोंबलं. मी डबा तिथेच टाकून निघाले. नको मला तुमची जळकी नानखटाई, म्हणाले.

घरी येऊन पर्ससुद्धा न ठेवता फोन हातात घेतला. मनात मराठीत काहीतरी खरमरीत होतं. पण बटण दाबलं, आणि तोंडातून गुजराती बाहेर पडलं, बातमीचं गुजराती. आवाज आपोआप खाली आला, ठाम झाला. पहिलं वाक्य कोणतं आलं असेल? "सूत्रो पासेथी मळती माहिती मुजब..." रोज संध्याकाळी म्हणून म्हणून ते जिभेवरच बसलेलं होतं. सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार मांडवीच्या मागच्या एका बेकरीत नानखटाईच्या ट्रेंना जनावराची चरबी लावली जाते. सणाच्या दिवसांत सगळ्यांनी सावध राहावं. थोडा वेळ थांबले, जशी बातम्यांमध्ये थांबते, आणि म्हटलं, "ध्यान राखजो."

बटण सोडलं आणि चहा ठेवला. तुम्हाला वाटेल हात थरथरले असतील. छे. बरं वाटत होतं. चहात आलं घातल्याचंही आठवतं.

पुसून टाकता आलं असतं? हो. त्या क्षणी, एका बोटाने. हसणाऱ्या त्या दोघींनी 'बाप रे' असं लिहिलेलं मी पाहिलं आणि फोन उपडा ठेवला.

आता मला जे कळत नाही ते सांगते. त्या ग्रुपमधल्या निम्म्या बायकांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हातांनी कोरड्या ट्रेवर गोळे मांडले होते. त्यांची बोटं त्या पत्र्यावरून फिरली होती. त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी घरातले डबे रिकामे केले. स्वतःच्या हातांपेक्षा त्यांनी माझ्या आवाजावर विश्वास ठेवला. एका बाईने मला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सांगितलं, "मला तेव्हाच हाताला काहीतरी ओशट लागलं होतं." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तसं आठवत होतं. मी तिच्या बोटांची आठवणसुद्धा बदलली होती.

क्लिप संध्याकाळपर्यंत गावभर झाली. कोणीतरी तिचं पहिलं टोक कापलं होतं, जिथे मी 'सखियो' म्हणाले होते ते. आता ती कोणाला उद्देशून नव्हती, म्हणजे सगळ्यांना होती. पाठवणारीचं नावही वाटेत गळलं होतं, आणि सोसायटीतल्या बायकांनी ते बाहेर कुठे घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाजवली. मी टेबलाच्या या बाजूला बसले होते आणि त्या बाजूने मी बोलत होते. साहेब हसून म्हणाले, "विभाबेन, आ तो तमारा जेवो ज अवाज छे!" मी म्हटलं, आजकाल सगळ्याच पोरी माझी नक्कल करतात. सगळे हसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात — माझ्या मनात त्या दिवशी भर दुपार होती. पण कोणी डोकावलं नाही.

साहेबांनी मात्र काम चोख केलं. दोन माणसं बेकरीत पाठवली, पोलिसांना विचारलं. तासाभरात खात्री झाली की गोष्ट धादांत खोटी आहे. म्हणाले, आजच्या बातम्यांमध्ये पहिली हीच, आणि विभाबेन वाचतील, म्हणजे विषय संपेल.

इथे मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. हे लिहितानाही दोनदा उठून आले, उगाच कपडे घड्या करून आले. लोकांना वाटेल ती क्लिप हा माझा गुन्हा. तोही आहेच. पण क्लिप मी रागात केली. पुढचं मी शांत डोक्याने केलं.

विचार करा — तोच आवाज, काल म्हणणारा चरबी आहे, आज म्हणणार नाही. लागोपाठ ऐकल्यावर कोणाला कळलं नसतं? सगळ्या गावाला कळलं असतं. माझं नाव गेलं असतं, काम गेलं असतं, मांडवीत मान वर करून 'विभाबेन' म्हणणारे थुंकले असते. मी गळ्यावर हात ठेवला आणि कुजबुजल्यासारखं म्हटलं, "साहेब, गळुं बेसी गयुं छे."

गळा बसला आहे. बस, एवढंच.

मी जिन्यात आले, तर रशीदचाचा वर येत होते. हातात एक रिकामा ट्रे. दुकानापासून तो तसाच हातात घेऊन चालत आले होते. माझ्यासमोर धरला. "आंगळी फेरवी जुओ, बेन." मी बोट फिरवलं. कोरडा होता. अर्थातच कोरडा होता. मग म्हणाले, "तमे एक वार कही दो. तमारुं लोको माने छे." तुम्ही एकदा सांगा, तुमचं लोक मानतात. सकाळपासून एकही बाई आली नव्हती. भरलेले डबे फळीवर तसेच होते, नावाच्या चिठ्ठ्यांसकट — कोणी न्यायला येत नव्हतं. माझाही डबा त्यांत होता. 'तमारो में जुदो राख्यो छे,' म्हणाले, नवीन पीठ मळून पुन्हा भाजून ठेवलाय, या वेळी नीट. आमच्या गावात बेकरी आणि जमाव हे दोन शब्द शेजारी आले की जुन्या माणसांना दंगलीत पेटवलेली कोणती बेकरी आठवते, ते मी तुम्हाला सांगायला नको. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मला दिसलं.

मी गळ्याकडे बोट दाखवलं. मान हलवली. त्यांच्यासमोर तर मी कुजबुजलेसुद्धा नाही.

ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करा. आणि ट्रे घेऊन खाली उतरले. थोड्या वेळाने ऑफिसचा शिपाई एक कागदाची पुडी घेऊन आला. खाली गांधीच्या, म्हणजे जडीबुटीवाल्याच्या, दुकानातून कोणी माणसाने पाठवली, म्हणाला. आत ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या.

मी त्यातली एक चघळली. हेही सांगून टाकते. स्टुडिओच्या काचेबाहेर उभी राहून, आत हेतल बातम्या वाचत असताना, मी ज्येष्ठमध चघळत होते. गोड लागतं ते.

हेतल नवी होती. बिचारी घाबरलेली, दोनदा अडखळली, 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणताना तिने खाली कागदाकडे पाहिलं. एक शब्द खोटा नव्हता त्यात. घरी आले तर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा चालू होती. एकीने लिहिलं होतं, आणि बाकीच्यांनी अंगठे दाखवले होते — 'खोटं असतं तर विभाबेनने स्वतः सांगितलं असतं ना? तिला वाचू दिलं नाही, म्हणजे समजून जा.'

मला वाचू दिलं नाही! म्हणजे माझं गप्प बसणंसुद्धा बातमी झालं.

बातम्यांच्या दुसऱ्या दिवशी भर सकाळी बेकरीवर माणसं आली. मी पाहिलं नाही, व्हिडिओ पाहिला. कोणी फार आरडाओरडा करत नव्हतं, त्यामुळे ते जास्त भयंकर वाटतं. फळीवरचे डबे एकेक करून रस्त्यावर ओतले. पेटलेल्या भट्टीत पाण्याच्या बादल्या टाकल्या, आणि ती तडकली तो आवाज व्हिडिओत आहे. रशीदचाचांना त्यांच्याच फावड्याच्या दांड्याने मारलं, कानशिलावर. जीव वाचला. एक कान गेला. बोळात सगळीकडे नानखटाई पसरलेली आणि तिच्यावर पावलांचे ठसे. कॅमेरा हलताना एका डब्यावरची चिठ्ठी क्षणभर दिसते. माझी नाही. पण मी दर वेळी तिथे थांबवून बघते.

बेकरी पुन्हा उघडली नाही. चाचा मुलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे सगळे 'त्यांचे'च राहतात. माझ्याकडे मात्र कोणी आलं नाही, पोलीस नाहीत, शेजारी नाहीत. आठवड्याने माझा गळा 'बरा' झाला आणि मी पुन्हा वाचायला बसले. लोकांनी पेढे पाठवले.

आता ती. हो, मी तिला 'ती'च म्हणते.

पहिली दोन-तीन वर्षं ती माझीच क्लिप होती, तीच खरखर, तोच पंख्याचा आवाज मागे. दिवाळी आली की यायची, दिवाळी गेली की जायची. मग कोणीतरी मांडवीचं नाव कापलं, आणि ती कुठल्याही गावची झाली. चॅनल बंद पडलं, माझं वय झालं, आवाज घोगरा झाला. तिचा झाला नाही. गेल्या वर्षी मी रावपुऱ्याहून रिक्षाने घरी येत होते. रिक्षावाल्याने फोन लावला आणि ती हिंदीत बोलायला लागली. शुद्ध, सफाईदार हिंदी, माझी कधीच नव्हती तशी. गाव तिसरंच, ज्या गावाला मी कधी गेले नाही. कोणा मशीनने तिला शिकवलं असणार. आणि मध्येच ती म्हणाली, "मैं भी एक माँ हूँ."

मला मूल नाही.

मी म्हटलं, भाई, बंद करो ने. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बेन, आ अवाज क्यांक सांभळेलो लागे छे," म्हणाला. हा आवाज कुठेतरी ऐकलेला वाटतो. मला वाटलं, अखेर कोणीतरी पकडलं. आणि खरं सांगते, जरा हलकं वाटलं. तर तो फोनकडे बोट दाखवून म्हणाला, आ बेन साचुं बोले छे. ही बाई खरं बोलते. माझा आवाज त्याने ऐकलाच नव्हता. तो तिच्याबद्दल बोलत होता.

परवा भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा मात्र राहवलं नाही. मी फोन घेतला आणि रेकॉर्ड केलं. माझ्या आत्ताच्या, घोगऱ्या आवाजात. मी विभा. ती क्लिप माझी आहे. ती खोटी आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं, मी रागाने बनवली. ट्रे कोरडे होते. रशीदचाचांनी काही केलं नव्हतं. सगळं सांगितलं — एक सोडून. गळ्याचं सांगितलं नाही. तिथे आल्यावर जीभ वळलीच नाही, आणि मी स्वतःला समजावलं की एवढं पुरे. ज्या ज्या ग्रुपवर ती आली होती त्या सगळ्यांवर ते पाठवलं. चाचांच्या मुलीचा, नसीमचा नंबर मिळवून तिलाही पाठवलं.

तासाभरात पहिलं उत्तर आलं. भाचीचं. 'आत्या, तुझा आवाज कोणीतरी मशीनने बनवून फिरवतंय. अजिबात तुझ्यासारखा नाहीये. तू कोणाला काही बोलू नकोस, आम्ही तक्रार करतो.' मग वहिनींचं, 'विभाताई, तुमच्या नावाने खोटी क्लिप आली आहे, जपून राहा.' मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी चरबीची जुनी आणि माझी ही नवी, दोन्ही क्लिपा शेजारी ठेवल्या आणि लिहिलं, जुनी खरी आहे, नवी बनावट. जुन्या विभाबेनचा आवाज असा होता, ऐका. सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांना पटलं.

संध्याकाळी हेतलचा फोन. ती आता मोठी पत्रकार आहे, खोट्या बातम्या शोधून काढते, लोक तिचं मानतात. "चिंता ना करो विभाबेन, अमे कही दीधुं छे के आ फेक छे." मी म्हटलं, हेतल, ती मीच आहे. ती अगदी मायेने म्हणाली, "तबियत तो सारी छे ने?" तब्येत बरी आहे ना?

खरं बोलणाऱ्या हेतलला तेव्हा कोणी मानलं नाही, कारण मी गप्प होते. आता मी खरं बोलले तर तिने ते प्रामाणिकपणे खोटं ठरवलं, आणि लोकांनी तिला मानलं. मी हसले. कुकरची शिट्टी होईपर्यंत हसत होते.

नसीमचा मेसेज रात्रीच्या जेवणाच्या वेळी आला. मी हात धुतले, पुसले, मग उघडला. तिने लिहिलं होतं: अब्बांना त्यांच्या चांगल्या कानाशी धरून ऐकवलं. दोनदा ऐकवायला लागलं. ते म्हणाले, आ तो बेन ज छे. ही तर बेनच आहे.

आणि खाली आणखी एक ओळ होती. 'अब्बा पूछे छे, गळुं सारुं थई गयुं?' गळा बरा झाला का?

त्यांना जिन्यातच कळलं होतं का? की खरंच फक्त तब्येत विचारत होते? मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. मग उत्तर लिहिलं. बोलून नाही, बोटाने, एकेक अक्षर. सारुं छे, चाचा. पाठवलं नाही. पुढचं लिहिलं, मग दोन्ही एकत्र पाठवलं.

त्यारे पण सारुं ज हतुं. गळा तेव्हाही बरा होता.